पंखा बंद करून लावलेल्या चिठ्ठ्या

देवराव, परवा तुझी तेरवी झाली आणि काल सकाळी कमलवहिनींचा निरोप आला की खोकी घेऊन जा. मी सायकलरिक्षा केली आणि बुटांची ती दहा खोकी नागपूरच्या महाल भागातल्या तुझ्या दोन खोल्यांमधून माझ्या घरी आणली. दुपारी उघडली. तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेलो आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांच्या घरात ही खोकी नाहीत.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं हे सगळं प्राचार्यांनी शोकसभेत कागदावरून वाचलं. त्यात तुझ्या गावाचं नाव चुकलं होतं. मी उठून दुरुस्त करणार होतो, पण म्हटलं जाऊ दे, तू असतास तर मागच्या बाकावर बसून हसला असतास. तो कागद त्यांच्याकडे राहू दे. माझ्याकडे आपली भांडणं आहेत, आणि त्यातलं एकही मिटलेलं नाही.

आपण दोघं एकाच कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, पण दोघं एकच विषय शिकवत होतो असं म्हणवत नाही. मी निबंध आणि नाटकं शिकवायचो. तू दारात उभा राहायचास. तुझ्या प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्गात काटोल, सावनेर, उमरेड, कुठून कुठून मुलं यायची. मॅट्रिकपर्यंत सगळं मराठीत शिकलेली, आणि जूनमध्ये एकदम फिजिक्स इंग्रजीत, अर्थशास्त्र इंग्रजीत, तर्कशास्त्रही इंग्रजीत. तुझ्या वर्गात शिरायला त्यांना एक चिठ्ठी लागायची. आदल्या दिवशी आपापलं पुस्तक वाचताना जिथं गाडी अडली तो शब्द चिठ्ठीवर लिहायचा, खाली पुस्तकाचं पान लिहायचं, आणि दारातल्या खोक्यात टाकून आत यायचं. डिक्शनरीतून उचललेला भारी शब्द चालायचा नाही. खरोखर अडलेलाच पाहिजे. चिठ्ठ्यांसाठी तू महालातल्या एका छापखान्यातून लग्नपत्रिकांची कात्रणं आणायचास. पिवळी, गुलाबी, एखाद्याच्या कडेला सोनेरी रेघ. मी तुला म्हणायचो, तुझ्या वर्गात शिकायला जायचं की वरातीला?

पहिल्या वर्षी दिवाळीच्या आधी तू स्टाफरूमच्या टेबलावर खोकं उपडं केलंस. मला वाटलं होतं, 'ऑस्मॉसिस', 'इलॅस्टिसिटी' असले शब्द निघतील. निघाले 'हेन्स', 'व्हेअरअ‍ॅज', 'अझ्यूम', 'अनलेस' आणि ढीगभर 'रिस्पेक्टिव्हली'.

"पाह्यलं का गा, देशकर," तू म्हणालास. "ऑस्मॉसिसले पोरं नाई अडत. त्याचा अर्थ पुस्तकातच देला राह्यते. रिस्पेक्टिव्हलीचा अर्थ कोनी देत नाई. मास्तरले वाटते, हे त येतच असन."

"डिक्शनरी कशाला असते मग?"

"डिक्शनरी काढाले शब्द अडला हे समजलं पाह्यजे ना. पोराले वाटते, आपलं डोकंच अडलं."

हे तू स्वतःवरून बोलत होतास, ते मला दोन वर्षांनी कळलं. तेही तू सांगायचं म्हणून सांगितलं नाहीस. आपण सकाळी कॉलेजसमोरच्या टपरीवर तर्रीपोहे खात होतो आणि माझ्या पोह्यांवरचा तर्रीचा रस्सा आपल्या बशीत ओढून घेता घेता तू सहज म्हणालास, मी पहिल्या वर्षाले कॉलेज सोडून गेलतो. तर्कशास्त्राच्या पुस्तकाचं एक पान तीन दिवस वाचलंस. समजलं नाही. घरी जाऊन वडिलांना म्हणालास, मले डोकं नाई, मी नाई शिकत. वर्षभर मामांच्या संत्र्याच्या बगीच्यात पाणी द्यायला राहिलास. मग एके दिवशी तेच पान पुन्हा काढलंस आणि जिथं जिथं अडलास तिथं पेन्सिलनं रेघ मारलीस. रेघा निघाल्या सात. त्यात तर्कशास्त्राचा शब्द एकही नव्हता.

"सात शब्दायपायी एक साल गेलं गा," तू म्हणालास, आणि माझी तर्री संपवलीस.

तरी मी भांडत राहिलोच. माझं म्हणणं होतं, आणि अजून आहे, की शब्द असे एकेकटे पकडून शिकवता येत नाहीत. मुलांना वाचायला द्या. गोष्टी द्या, प्रवासवर्णनं द्या, शब्द आपोआप येतील. तू म्हणायचास, "येते, मान्य. पन तोवर मार्च येते." मग मी आवाज चढवायचो. सायकली हातात धरून आपण कॉलेजपासून निघायचो आणि माझं वळण येऊन जायचं तरी मी तुझ्याबरोबर महालापर्यंत बोलत यायचो. कमलवहिनी दारात पाहून म्हणायच्या, आले वाटते भांडाले. मग चहा व्हायचा आणि तू विषय बदलायचास. भांडण अर्धवट टाकायची तुझी ही खोड मला कधीच आवडली नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, तू असताना केली नाही. तू एकदा म्हणालास, एक दिवस तूही तुझ्या वर्गात चिठ्ठ्या घेऊन पाह्य. मी दहा दिवस एक निबंध शिकवत होतो. लेखकाची शैली, त्याचा उपरोध, सगळं रंगवून सांगितलं होतं. मुलं मान डोलवत होती. चिठ्ठ्या घेतल्या. निम्म्याहून जास्त वर्गानं एकच शब्द लिहिला होता, 'नेव्हरदिलेस'. तो निबंधाच्या दुसऱ्याच ओळीत होता. म्हणजे दहा दिवस मी एकटाच पुढं चालत गेलो होतो आणि वर्ग दुसऱ्या ओळीत उभा होता. मी त्या चिठ्ठ्या खिशात कोंबल्या आणि तुला म्हटलं, काही विशेष नाही निघालं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि "बरं" म्हणालास. त्या दिवसापासून मी प्रत्येक तासाला विचारू लागलो, कुठं अडलं? माझ्याकडून जी काही मुलं खरोखर शिकली, ती त्यानंतरची. हे मी तुला सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही. माझीही एक खोड आहेच.

आणि ती खुर्चीची गोष्ट. एकदा तुझ्या वर्गावरून जाताना मी आत डोकावलो, तर तुझ्या खुर्चीवर एक वेण्या घातलेली मुलगी बसली होती आणि तू पहिल्या बाकावर, मुलांच्या रांगेत, गुडघे बाकात अडकवून बसला होतास. बसूनच शिकवत होतास. मी स्टाफरूममध्ये त्याची यथेच्छ टिंगल केली. म्हटलं, भोयर मास्तरांनी राजीनामा दिलेला दिसतो. सगळे हसले. तू आलास तेव्हा मी विचारलं, काय रे हे? तू म्हणालास, "तिची पाळी होती." कसली पाळी, ते मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. आपल्या सगळ्या मैत्रीचा नमुना हाच. एकाला विचारायला नको आणि दुसऱ्याला सांगायला नको.

पुढं दहा अधिक दोनची नवी पद्धत आली, प्री-युनिव्हर्सिटीचा वर्ग बंद झाला, तुला बी.ए.चे तास मिळाले. प्राचार्य म्हणाले, आता ते दारातलं खोकं पुरे. तू पुरे केलंस. सात-आठ वर्षांच्या चिठ्ठ्या तुझ्या घरी माळ्यावर गेल्या. मला ते सहन होईना. मी म्हटलं, याचं पुस्तक करू. मराठीतून शिकून कॉलेजात येणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी देता येईल असं. कोणता शब्द कुठं अडतो, त्याचा अर्थ काय, वाक्यात तो काय काम करतो. असं पुस्तक कोणाकडेच नव्हतं, कारण असल्या चिठ्ठ्या कोणाकडेच नव्हत्या. सीताबर्डीवरच्या एका प्रकाशकाशी मी बोलूनही आलो. तू म्हणालास, "पाहू."

तुझ्या या 'पाहू'चा मला किती संताप यायचा! नाही म्हण, हो म्हण, पण पाहू काय?

म्हणून मग त्या मे महिन्यात मी ते केलं. तू भाचीच्या लग्नासाठी महिनाभर गावी गेला होतास. वहिनी चार दिवसांनी निघणार होत्या. मी त्यांच्याकडे जाऊन माळ्यावरची खोकी मागितली. म्हटलं, देवराव येईपर्यंत सगळं काम तयार ठेवतो, त्याला चकित करायचं आहे. त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "याईले इचारलं असतं त बरं झालं असतं, भाऊजी." मी म्हटलं, त्याला विचारलं की तो पाहू म्हणेल.

घरी आणून खोकी उघडली तर आत चिठ्ठ्यांच्या जुड्या. प्रत्येक जुडीला दोरा बांधलेला, कुठं पांढरा, कुठं लाल, कुठं वहिनींच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा. जुडीवर नाव नाही, तारीख नाही. शब्दांना काही धरबंद नाही. 'हेन्स'च्या खाली 'टेन्ड', त्याखाली 'मिअरली', मग पुन्हा 'हेन्स'. मला वाटलं, देवरावनं हाताला लागेल तशा बांधून ठेवल्या आहेत, उडू नयेत म्हणून. आपल्याला काय, दोरे कापायचे आणि ए पासून झेडपर्यंत लावायच्या. पुस्तक करायचं तर दुसरा क्रम असतोच कुठला? इंग्रजीच्या मास्तराला तरी दुसरा सुचत नाही.

तुला माहीत आहे आमच्या बाहेरच्या खोलीची अवस्था. पश्चिमेची भिंत, मे महिना, नागपूर. आणि जमिनीवर लग्नपत्रिकांची ही चिटोरी, पंखा लावला की सगळी खोलीभर. म्हणून पंखा बंद. खिडक्या बंद, कारण बाहेरून लूच्या झळा. दुपारी बारा ते पाच मी बनियनवर जमिनीवर बसायचो, मांडीखाली ओला पंचा घालून, आणि चिठ्ठीवर घाम पडू नये म्हणून मान बाजूला करून. सव्वीस ढीग. बायको दारातून म्हणायची, "लोकं उन्हाळ्यात वाळवणं घालतात, तुम्ही स्वतःलेच घातलं." पोरांना मी खोलीत येऊ दिलं नाही. जवळजवळ सगळा महिना गेला. आयुष्यात मी दुसऱ्या कुणासाठी इतकं मन लावून काही केलेलं नाही. आणि ते इतकं साफ चुकीचं होतं.

तू आलास. जूनचा पहिला आठवडा होता, तुझ्या कपाळावर अजून लग्नाच्या धावपळीचा काळपटपणा होता. मी खोकी ओळीनं मांडली होती, प्रत्येकावर अक्षरांची चिठ्ठी. तू पहिलं खोकं उघडलंस. बोटानं चार चिठ्ठ्या पुढं-मागं केल्यास. दुसरं उघडलंस. मग विचारलंस, "दोरे काय केले गा?"

"फेकले. आता कशाला हवेत?"

"अन सगळ्या चिठ्ठ्या हाय ना?"

"एकूण एक. ज्यांच्यावर शब्दच नव्हता, मुलांनी काहीबाही मराठीत लिहून दिलं होतं, तेवढ्या फालतू काढून टाकल्या."

तू पाणी मागितलंस. सगळा तांब्या प्यालास. मग म्हणालास, "छान झालं, देशकर. लय मेहनत घेतली."

मी खूश झालो. खरंच खूश झालो, देवराव. तेव्हा वाटलं, आता सहा महिन्यांत पुस्तक.

तू खोकी घरी नेलीस आणि त्यानंतर चार वर्षं मी विचारतोय आणि तू पाहू म्हणतोयस. प्रकाशकानं मला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. मी तुला आळशी म्हटलं. मग एकदा सगळ्या स्टाफसमोर म्हटलं की तुला पुस्तक करायचंच नाही, तुला आयुष्यभर खोक्यांवर बसून राहायचं आहे. तू हसलास. त्यानंतर सायकल हातात धरून महालापर्यंत येणं मी बंद केलं. तूही बोलावलं नाहीस. समोरासमोर आलो की काय कसं काय, बरं आहे, एवढंच.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात तुला भेटायला आलो, तेव्हाही मी तेच केलं. तू उशीला टेकून बसला होतास, संत्र्याची फोड सोलायचीही ताकद नव्हती. मी आधी तब्येतीचं विचारलं, आणि मग न राहवून म्हटलंच, बरा झालास की आता पुस्तक, आता पाहू बिहू चालणार नाही. तू म्हणालास, "झालंच हाय गा अर्धं. थोडंसं राह्यलं." मला वाटलं, आजारी माणूस मन राखतोय. मी म्हटलं, हो हो. आणि घड्याळ पाहिलं.

काल ए चं खोकं उघडलं. पहिली चिठ्ठी 'अबाउंड'. गुलाबी कागद. सहज उलटी केली, तर मागं पेन्सिलनं, तुझ्या त्या बारीक अक्षरात: सुमन, ऑगस्ट. दुसरी उलटी केली. गणपत, जुलै. तिसरी. वत्सला, सप्टेंबर. मी पूर्ण खोकं जमिनीवर ओतलं. एकही चिठ्ठी सुटलेली नव्हती. बी, सी, डी, तसंच. सगळ्यांच्या पाठीवर नाव आणि महिना.

मी तसाच सायकल काढून वहिनींकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, मग म्हणाल्या, "रविवारी रविवारी बसत, भाऊजी. चष्मा लावून एकेक चिठ्ठी पाहत राहेत. अक्षरावरून ओळखत. ह्या पोराचा 'जी' असा, त्या पोरीचा 'टी' तसा. कोनती कोनत्या पुस्तकाची, कोनत्या महिन्यात वाचत होते, सारं आठवे. म्या म्हटलं, काय करून राहिले हे? त म्हणे, ज्याचं त्याले देऊन राहिलो."

एका जुडीत एका मुलाच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या होत्या, देवराव. जूनपासून मार्चपर्यंत, ज्या क्रमानं तो अडत गेला त्या क्रमानं. एवढी साधी गोष्ट. मी महिनाभर घाम गाळून ती मोडली आणि तू चार वर्षं बसून ती परत जुळवत होतास.

"मग मला का नाही सांगितलं त्यानं?" मी विचारलं. बहुतेक ओरडलोच.

"म्या म्हटलं होतं, देशकरभाऊजीले बोलवा मदतीले. त म्हणे, नाई. मे महिन्यात पंखा बंद करून बसला थो मानूस. त्याले सांगनं बरं नाई दिसत."

बरं नाही दिसत! माझ्या बशीतली तर्री पळवताना तुला बरं दिसत होतं. माझ्या निबंधाला शिळी कढी म्हणताना बरं दिसत होतं. आणि जिथं मी तुझी सात-आठ वर्षांची कमाई विस्कटून टाकली, तिथं तुला माझा घाम आठवला? एकदा शिवी द्यायची. म्हणायचं, काय करून ठेवलं बे हे, देशकर. मी दोन दिवस फुगलो असतो. तिसऱ्या दिवशी तुझ्या शेजारी बसलो असतो. तू अक्षर ओळखलं असतंस, मी नाव लिहिलं असतं, चार वर्षांत काय, चार महिन्यांत झालं असतं. आणि आपण रविवार रविवार भांडलो असतो. माझी ती चार वर्षं तू मला न विचारता वाया घालवलीस. तुझ्या चांगुलपणाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

पेन्सिल आर च्या खोक्यात थांबते. 'रिस्पेक्टिव्हली'चा मोठा गठ्ठा आहे, त्याच्या अर्ध्यापर्यंत नावं आहेत. शेवटच्या दोन-चार नावांचं अक्षर वाकडंतिकडं झालं आहे. पुढं सगळं कोरं. एस आहे, टी आहे, डब्ल्यू आहे. 'व्हेअरअ‍ॅज' सगळे बिननावाचे. आणि तुझ्यासारखं मला एकाही मुलाचं अक्षर ओळखता येत नाही. मी त्यांच्या फक्त डोलणाऱ्या माना पाहिल्या.

काल मी जेवढं जमेल तेवढं केलं. वत्सला म्हणून जिच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या, त्या ए पासून शोधून महिन्यांप्रमाणे लावल्या. हाताशी एक जुडी आली तेव्हा कुठं मला तुझं पुस्तक दिसलं. जुलैत ती आपल्या पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर 'हेन्स'ला अडते. ऑगस्टमध्ये आठव्या पानावर पुन्हा 'हेन्स'ला. त्यानंतर 'हेन्स' कधीच येत नाही. नोव्हेंबरपासून पानांचे आकडे भराभर वाढतात. जानेवारीत ती दीडशेव्या पानावर 'नॉटविथस्टँडिंग'ला अडलेली आहे, आणि त्या चिठ्ठीवर तिनं स्वतःच अंदाजानं अर्थ लिहिला आहे, बरोबर. मी इतकी वर्षं म्हणत होतो की वाचत गेलं की शब्द येतात. तू म्हणत होतास, आधी अडलेला शब्द काढा, मग वाचता येतं. त्या एका जुडीत दोन्ही होतं. आपलं भांडण तिथं मिटलेलं होतं, आणि ती जुडी मीच कापली होती.

वत्सला तुझ्या तेरवीला आली होती. आता उमरेडला शाळेत शिकवते, इथं भावाकडे उतरली आहे. आज दुपारी मी तिला बोलावून घेतलं. ऑक्टोबरचं ऊन होतं, मी पंखा मोठा केला, तिच्या हातात जुडी दिली आणि एस पासूनची खोकी समोर ठेवली. म्हटलं, यातल्या तुझ्या काढ.

तिनं तासाभरात बऱ्याच काढल्या. "ही माझी आहे, सर. 'एस' मी तेव्हा असाच काढत होती." अधूनमधून दुसऱ्यांच्याही ओळखल्या. हा गणपतचा असेल, तो डावखुरा होता. मला वाटलं, असंच एकेकाला बोलावत गेलो तर होईल. पोस्टकार्डं टाकीन. निम्मे तरी येतील. पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं. मग तिनं आपल्या चिठ्ठ्या मांडीवर नीट लावल्या, फेब्रुवारीपर्यंत आली, आणि खोक्यांकडे पाहू लागली.

"सर, माझी शेवटची नाही दिसत."

"यादी कर, शोधू. कोणता शब्द होता?"

"शब्द नव्हता, सर. ज्या दिवशी वाचताना काहीच नाही अडलं, त्या दिवशी चिठ्ठीवर तसं लिहून टाकायचं होतं. आज कुठेच अडलं नाही, असं. मग भोयर सर वाचून दाखवत आणि त्या तासाला आपल्या खुर्चीवर बसवत. स्वतः बाकावर बसत." ती हसली. "वर्षाच्या शेवटी ज्याची त्याची पाळी येई. मी फेब्रुवारीत बसली होती. घरी जाऊन आईले सांगितलं होतं. ती चिठ्ठी कोणत्या अक्षराखाली लावली, सर?"

मला त्या चिठ्ठ्या आठवल्या, देवराव. चांगल्या आठवल्या. आज अडलं नाही. आज सर्व समजले. आज एकही नाही, सर. मी त्या वाचल्या होत्या. मुलांनी शब्द शोधायचा कंटाळा केला, असं म्हणून एकेक बाजूला टाकली होती. शेवटी दोऱ्यांबरोबर गोळा करून कचऱ्यात. प्रत्येक जुडीची शेवटची चिठ्ठी. आणि तू तांब्याभर पाणी पिऊन छान झालं म्हणालास.

मी तिला खरं सांगितलं. मी लावल्या, मीच टाकल्या, भोयर सरांचा यात काही दोष नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तुझीच विद्यार्थिनी ती.

"असू द्या, सर," म्हणाली. मग विचारलं, "कोरा कागद आहे का?"

टेबलावर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती. मी तिची कड कापून दिली. तिनं मांडीवर धरून लिहिलं, आज कुठेच अडलं नाही, खाली आपलं नाव लिहिलं, आणि ती चिठ्ठी जुडीच्या शेवटी ठेवली. पंख्याच्या वाऱ्यानं ती लगेच उडून खुर्चीखाली गेली. मी वाकून उचलली. तुला सांगायचं असं काही राहिलं नाही, देवराव, तुला विचारायचं तेवढं राहिलं, कुठं अडलं? मी उठून पंखा बंद केला आणि दोरा शोधायला आत गेलो.